जागेची निवड : निकष आणि वजन

सार्वजनिक इमारतीसाठी जागा ठरविताना पाणी, रस्ता, उतार, खर्च अशा निकषांवर प्रत्येक जागेस गुण देतात. परंतु कोणत्या निकषास किती वजन, हे जागा पाहण्यापूर्वीच ठरले पाहिजे. नाहीतर आवडती जागा आधी व बेरीज मागाहून, असे होते.

उदाहरणार्थ चंदीगड. फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाब सरकारने १९४८ साली नव्या राजधानीसाठी शिवालिकच्या पायथ्याची जागा निवडली. सीमेपासून अंतर, पाणी, निचऱ्यास योग्य उतार या बाबी तिच्या बाजूने होत्या. मात्र तेथे शेतकऱ्यांची गावे होती. त्यांनी विरोध केला, तरी ती उठली.

यास्तव आम्हांस वाटते, 'कोणाचे घर उठणार?' हा निकषही यादीत असावा. जे यादीत नसते, ते बेरजेत येत नाही.