शून्याने भागाकार आणि ध्वनीची 'भिंत'

"सर, शून्याने का भागायचं नाही?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. "नाही म्हणजे नाही" म्हणून आपण पुढे सरकतो. मला याचं एक छान उदाहरण विमानाच्या पंखात सापडलं.

विमानाच्या वेगाला ध्वनीच्या वेगाने भागलं की मॅक अंक मिळतो. प्रांटल आणि ग्लाउर्ट यांचा १९२०च्या दशकातला नियम सोपा आहे. पंखावरच्या दाबाचा संथ हवेसाठी काढलेला गुणांक घ्या, १ मधून मॅक अंकाचा वर्ग वजा करा आणि त्याच्या वर्गमुळाने गुणांकाला भागा. मॅक ०.६ ला भाजक ०.८, मॅक ०.८ ला ०.६, मॅक ०.९९ ला जेमतेम ०.१४. आणि मॅक १ ला? शून्य! म्हणजे दाब अनंत. पण १४ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकेत चक येगर यांनी एक्स-१ विमानातून हा वेग ओलांडला. भिंत हवेत नव्हतीच, सूत्रात होती.

चूक कुठे झाली? पंखामुळे हवेचा वेग अगदी थोडाच बदलतो, असं सूत्रात धरलं होतं. खरं तर विमान मॅक ०.८ ने जात असलं (आजची प्रवासी जेट विमानं साधारण याच वेगाने जातात), तरी पंखाच्या वरची हवा ध्वनीपेक्षा जोरात धावू शकते. तिथे वेगवान हवेचा एक कप्पा तयार होतो. तो बहुधा आघात-तरंगाने संपतो आणि विमानाला होणारा विरोध एकदम वाढतो.

गणित इथेच अवघड होतं. संथ हवेत दाबाची 'बातमी' पुढे-मागे सगळीकडे जाते. कप्प्यात मात्र ती उलट्या दिशेने जाऊच शकत नाही, पुराच्या पाण्यात उलटं पोहता येत नाही तसं. एकाच पंखावर एकाच समीकरणाचे दोन स्वभाव! आणि दोघांमधली सीमा कुठे आहे, तेही उत्तर निघाल्यावरच कळतं.

१९७१ मध्ये मर्मन आणि कोल यांनी संगणकाला युक्ती शिकवली. पंखाभोवती बिंदूंची जाळी आखायची, प्रत्येक बिंदूला विचारायचं, "तुझ्याकडे हवा संथ की वेगवान?" संथ असेल तर चारी बाजूंच्या शेजाऱ्यांचे आकडे घ्यायचे, वेगवान असेल तर प्रवाहाच्या दिशेने मागचे, म्हणजे जिकडून हवा येते तिकडचेच. आकडे स्थिर होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. आघात-तरंग आपोआप आपल्या जागी उमटतो.

मग आघात होणारच नाही असा पंख बनवला तर? कॅथलीन मोरावेट्झ या गणितीबाईंनी १९५०च्या दशकात सिद्ध केलं, की असा आकार सापडला तरी त्यात किंचित फरक पडला की आघात परत येऊ शकतो. म्हणून अभियंते तो पुसून टाकायच्या मागे न लागता पंखाची वरची बाजू जरा सपाट ठेवून त्याला सौम्य करतात.