सुरुंग

तात्या आता वर्तमानपत्रातले मोठे मथळे वाचतात. परवा वर्गात त्यांनी एक मथळा अक्षर अक्षर जुळवून वाचला : 'बालेकिल्ल्याला सुरुंग'. वाचून ते दचकले.

"मास्तर, कंचा किल्ला उडाला वो? माणसं मेली का?"

किल्ला उडाला नव्हता. निवडणुकीत एका पुढाऱ्याची हक्काची जागा गेली होती, एवढेच! पण तात्यांचे चुकले काय? शब्दच असा आहे. तो कुठे आला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

सुरुंग म्हणजे मुळात भुयार, जमिनीखालून खणलेली वाट. लाक्षागृह पेटले तेव्हा पांडव अशाच वाटेने निसटले, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. हिंदीत हा जुना अर्थ अजून चालतो. आगगाडी डोंगरातून जाते त्या वाटेला आपण बोगदा म्हणतो, हिंदी माणूस सुरंग म्हणतो. तेव्हा तिकडे रस्त्यावर 'आगे सुरंग है' अशी पाटी दिसली, तर घाबरू नका. पुढे बोगदा आहे.

मग भुयाराचा स्फोट कसा झाला? ते लढाईत झाले. किल्ला हाती येईना, की शत्रू बाहेरून जमिनीत भुयार खणत येई. भुयार बुरुजाखाली पोचले की त्यात बंदुकीची दारू भरायची, तोंड बुजवायचे आणि वात पेटवायची. १६६० साली चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला. साताऱ्याला १७०० साली निराळेच घडले. पहिल्या सुरुंगाने किल्लेदार प्रयागजी प्रभू मातीखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उडाला, आणि तट बाहेरच्या अंगाला कोसळला. खाली हल्ल्यासाठी मोगल फौज उभी होती. त्यांचेच पुष्कळ शिपाई मेले. सुरुंग आपला-परका ओळखत नाही.

पुढे भुयार राहिले बाजूला आणि नाव दारूला चिकटले. जमिनीत पुरून ठेवतात तो भूसुरुंग. पाय पडला किंवा गाडी वरून गेली की फुटतो. काही दुरून तारेनेही उडवतात. गडचिरोली जिल्ह्यात १ मे २०१९ रोजी अशाच स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक असे १६ जण गेले. समुद्रात ठेवतात तो पाणसुरुंग. १९१७ साली एका जर्मन जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात असे सुरुंग टाकले होते. 'मंगोलिया' नावाची आगबोट त्यांतल्या एकावर आदळून बुडाली.

जोडीचा शब्द पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो. भूसुरुंग 'पेरतात'. विहिरीत सुरुंग 'लावतात'. पुढाऱ्याच्या जागेलाही 'लावतात', पण तिथे दारू नसते!

राहिला विहिरीचा सुरुंग. तो आपल्या रोजच्या कामाचा. दारू उघड्यावर पेटवली तर भक्कन जळून जाते. खडकात भोक पाडून ती कोंडली, की बाहेर यायला वाट नसते, म्हणून ती खडक फोडते. आता जिलेटिनच्या कांड्या वापरतात. हे काम परवानेवाल्याचेच. पण विहीर आपली असली तर आपणही काठावर उभे राहून मोजावे : लावले किती, वाजले किती. एकही कमी वाजला, तर खाली उतरू नये. सुरुंगवाला स्वतः पाहून सांगेपर्यंत कुणालाही उतरू देऊ नये. जुन्या भोकात पुन्हा पहार घालू नये, लोंबती वात किंवा तार ओढू नये. कांडी सापडली तर हात लावू नये, पोरांना तर जवळही फिरकू देऊ नये.

एवढे सांगून झाल्यावर तात्यांनी डावा हात पुढे केला. त्याला दोन बोटे नाहीत. ती शेतात यंत्रात गेली, असे आम्ही आजवर समजत होतो.

"सहा लावले हुते, मास्तर. पाच वाजले. मोजलं कुनी न्हाई. मी पहार घेऊन उतरलो."