यात्रेनंतरचा धूर

प्रश्न : वज्रेश्वरीच्या यात्रेनंतर प्लास्टिक, द्रोण-पत्रावळी तानसा नदीकाठी जाळतात. आमच्याकडे नगरपालिका नाही; मग कायदा लागू होतो का?

उत्तर : नक्की होतो. घनकचऱ्याचे 2000चे नियम शहरांपुरते होते. 2016च्या नियमांनी अधिसूचित तीर्थक्षेत्रेही कक्षेत आणली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली. 2026च्या नव्या नियमांत वर्गीकरण चार प्रकारचे आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा.

अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकमधून, त्यात पीव्हीसी असेल तर विशेषतः, विषारी डायॉक्सिन सुटते. शेजारीच भाविक गरम पाण्याच्या कुंडांत स्नान करतात, लहान मुलेही असतात! माझ्या मते खरा उपाय यात्रेआधीच व्हावा. ग्रामपंचायतीला आत्ताच लेखी अर्ज द्या, पोच घ्या; दुकानागणिक वेगळे डबे मागा. तरीही जाळलेच, तर तारीख-वेळेसह फोटो जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा.