सेवेला निघतं ते सगळं घर

परदेशी सेवेसाठी निघणाऱ्या कुटुंबाला मंडळी निरोप देते, तेव्हा प्रार्थना होते ती बहुतेक नवऱ्यासाठी. त्याचं पाचारण, त्याचं शिकवणं, त्याच्या वाटेतले धोके. बायको आणि मुलं शेवटच्या वाक्यात येतात. आम्ही अहमदनगरहून टांझानियातल्या डोडोमाला निघालो तेव्हाही तसंच झालं. माझे पती तिथे बायबल कॉलेजात शिकवायचे. घर, बाजार, शाळा, शेजार आणि आजारपण माझ्याकडे होतं. आता तिकडे जाऊ पाहणारी तरुण जोडपी भेटायला येतात, तेव्हा साप, दुष्काळ आणि चोऱ्या यांबद्दल मी फारसं बोलत नाही. त्याची तयारी सगळेच करून जातात. रोजच्या जगण्याची तयारी मात्र कोणी करून घेत नाही, आणि घरं थकतात ती तिथेच.

पहिली गोष्ट परवान्याची. टांझानियात परदेशी माणसाच्या वास्तव्याचे परवाने ए, बी, सी अशा वर्गांचे असतात आणि मिशनरी सी वर्गात मोडतात. पतींना तो मिळाला. मला आणि मुलांना मिळाला त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचा पास. मी शिकलेली परिचारिका आहे. या पासवर नोकरी करता येत नाही, हे निघण्याआधी आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. दवाखान्याबाहेर लेकरं पाठीशी बांधलेल्या बायांची रांग दिसायची, आत माणसं कमी पडायची, आणि मी घरी तांदूळ निवडत बसलेली असायचे. त्या काळात मला जितकं एकटं वाटलं तितकं पुढे कधीच वाटलं नाही. म्हणून बहिणींनो, तुमच्याकडे एखादं शिक्षण असेल तर स्वतःच्या नावाच्या परवान्याचा आणि तिथल्या नोंदणीचा विषय इथे असतानाच काढा. पाठवणाऱ्या संस्थेकडून ते लेखी घ्या. ‘तिकडे गेल्यावर बघू’ या भरवशावर निघू नका.

मग घड्याळ. देश विषुववृत्ताजवळचा, सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो. त्यामुळे स्वाहिली बोलणारी माणसं तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. आपल्याकडे घटकाही सूर्योदयापासूनच मोजत, त्यामुळे मला ही रीत पटली. पण ती अंगवळणी पडायला वेळ लागला. सकाळी दहाच्या चहाला बोलावलेली शेजारीण दुपारी चारला आली, कारण त्यांचे दहा तेव्हाच वाजतात. चहा पुन्हा करता येतो. बसचं तसं नाही. वेळ बारा सांगितलेली गाडी पहाटे सहाला निघून गेलेली असू शकते, तेव्हा तिकीट काढताना ‘कोणत्या घड्याळाने?’ हे विचारायलाच हवं. आणि औषधाच्या बाबतीत तर फारच जपा. कोणालाही ‘आठ वाजता गोळी घ्या’ असं सांगू नका. सूर्य उगवल्यावर, मावळल्यावर, जेवणानंतर, असं सांगा. परिचारिका म्हणून मी हे पोटतिडकीने सांगते.

तिकडे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, ही समजूत पक्की आहे आणि तिला मोठा इतिहास आहे. गुजराती व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर बँका आणि मोठे उद्योग सरकारने ताब्यात घेतले. 1971 मध्ये भाड्याने दिलेल्या इमारतीही घेतल्या, त्यांत बऱ्याच भारतीयांच्या होत्या. अनेक कुटुंबं देश सोडून गेली. ही आठवण दोन्ही बाजूंना आहे. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस येतो. आम्ही गेलो तेव्हा ‘तुमचं दुकान कुठे आहे?’ हा प्रश्न चर्चच्या दारातही आला. त्याचा राग धरू नका. उत्तर वर्षभराच्या वागण्यातून मिळतं.

पण या समजुतीचा भार घराच्या दारावर पडतो. ‘होडी’ अशी हाक येते, आपण ‘करिबू’ म्हणतो, पाहुणा आत येतो, सगळ्यांची खुशाली विचारून होते, चहा होतो, आणि मग फीचे, औषधाचे किंवा अंत्यविधीचे पैसे मागितले जातात. गरज बहुतेक वेळा खरीच असते. नवरा कामावर असतो, ‘हो’ किंवा ‘नाही’ बायकोला म्हणावं लागतं, आणि रात्री त्यावरून दोघांत बोलाचाली होते. आम्हाला वाट दाखवली ती तिथल्याच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी. किरकोळ मदत घरातून करायची, मोठी मागणी मंडळीच्या पंचांपुढे न्यायची, आणि हे सगळ्यांना आधीच माहीत असू द्यायचं. पुढे दारात येणाऱ्यांचं बोलणंही मोकळं झालं. मात्र मयताच्या घरी स्वतः जा. पैसे पाठवून भागत नाही. बायका चटईवर बसतात, त्यांच्यात जाऊन बसा, भाषा येत नसली तरी बसा. मला त्या गावाने आपलं मानलं ते अशाच एका घरी तासन्‌तास बसल्यामुळे, असं मी आजही मानते.

रविवारची उपासना लांबते आणि त्यानंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. अंडी, कोंबडी, मक्याची पिशवी. मुलांचा हा सगळ्यात आवडता भाग असायचा. तिथे बोली चढवत नेऊ नका. बाहेरच्या घराने भाव वाढवला की त्याच गावच्या बाईला परवडणाऱ्या भावात चार अंडी घरी नेता येत नाहीत. (द्राक्षं मात्र मनसोक्त घ्या. डोडोमाला वर्षातून दोनदा पीक येतं, आणि नाशिक-सांगलीची आठवण काढत खाता येतात.)

मुलांबद्दल थोडं सविस्तर सांगते. थोरला काही महिन्यांत शेजारच्या पोरांसारखं स्वाहिली बोलू लागला. मोठं माणूस दिसलं की ‘शिकामू’ म्हणत मान झुकवायचा. सुट्टीत नगरला आल्यावर त्याने आजीपुढेही तशीच मान झुकवली आणि चुलत भावंडं हसली. तो दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘आपण घरी कधी जायचं?’ आजीच्या घरात बसून.

अशा मुलांचा विचार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो भारतातच. रूथ आणि जॉन यूसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात इथे राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होते. आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे वाढणाऱ्या मुलांना त्यांनी तिसऱ्या संस्कृतीची मुलं म्हटलं. आपल्याकडे आलेल्या मिशनरींनी आपली मुलं मसुरीच्या वुडस्टॉकमध्ये ठेवली, 1901 पासून कोडाईकनालच्या शाळेत ठेवली. त्याआधीचे मिशनरी गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले, 1826 मध्ये नाशिकहून परतताना पटकीने गेले. तेव्हा बायको-मुलं त्यांच्याजवळ नव्हती. आपण त्यांच्या कार्याबद्दल आदराने बोलतो. त्या मुलांना काय वाटलं असेल, हे मी माझी मुलं वाढवताना पहिल्यांदा मनात आणलं. माझं ठाम मत आहे की लहान मुलांना सेवेच्या सोयीसाठी वसतिगृहात ठेवू नये. मराठी वाचन घरी रोज घ्या, थोडं का होईना. आजी-आजोबांशी बोलायला भाषा उरली पाहिजे.

आणि ताप. त्याच सुट्टीत, पावसाळ्यात, धाकटीला ताप भरला. आम्ही दोघं बाहेरगावच्या मंडळीत साक्ष द्यायला गेलो होतो. आजोबांनी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. साथीचा ताप समजून औषध मिळालं. त्या दिवसांत घरोघरी तापाचे रुग्ण होते, आणि पोरगी आठवड्यापूर्वी आफ्रिकेत होती हे सांगायला हवं, असं आजोबांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती ग्लानीत गेली. रक्त तपासलं तेव्हा फाल्सिपॅरम मलेरिया निघाला. ती वाचली, देवाची कृपा. टांझानियातला मलेरिया बहुतांशी याच जातीचा असतो, आणि त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. चावा तिकडे झाला तरी ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा येतो. म्हणून सुट्टीत याल तेव्हा सासर-माहेरच्या प्रत्येक घरात एक कागद चिकटवा: ‘मुलं टांझानियाहून आली आहेत, ताप आला तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा.’ पहिली तपासणी स्वच्छ आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. परत आल्यावर पुढचं वर्षभर डॉक्टरांना हे स्वतःहून सांगत राहा. केनियासारख्या देशातून येणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

मंडळ्यांनाही एक विनंती. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला पहिले पंधरा दिवस कुठेही बोलायला बोलावू नका. आईवडील मुलांजवळ असू देत. नंतर बोलवाल तेव्हा बायकोलाही बोलायला वेळ द्या, आणि तिचा परवाना, मुलांची शाळा, घरातलं आजारपण याबद्दल विचारा. त्या उत्तरांवरून पुढच्या कुटुंबाच्या पाठवणीचा खर्च ठरवा.