व्होलाटाइल लिहिलं, तरी मोजणी का चुकते?

कर्नलमध्ये एक साधा पूर्णांक आहे असं समजा. मेमरीचा एक तुकडा सध्या किती जण वापरत आहेत, याची ही मोजणी. नवा वापरणारा आला की एक वाढवायचा, गेला की एक कमी करायचा, शून्य झालं की तुकडा मोकळा. दोन कोअर एकाच वेळी हा आकडा बदलणार हे लक्षात आलं, की बरेच जण त्याच्यामागे व्होलाटाइल लावून निश्चिंत होतात. मीही एका ड्रायव्हरमध्ये तेच केलं होतं. चाचणीत सगळं सुरळीत चाललं, कारण दोन कोअरची नेमक्या क्षणी गाठ पडल्याशिवाय ही चूक दिसतच नाही.

व्होलाटाइल फक्त कंपायलरशी बोलतो. किंमत रजिस्टरमध्ये धरून बसू नकोस, दर वेळी मेमरीतून वाच आणि मेमरीत लिही, एवढंच त्याचं सांगणं. पण एक वाढवणं म्हणजे तीन पायऱ्या: वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. आकडा २ आहे. दोन्ही कोअर २ वाचतात, दोन्ही ३ लिहितात. व्हायला हवे होते ४! आता तिघे निघून गेले की आकडा शून्य होतो आणि मेमरी मोकळी होते. चौथा मात्र ती अजून वापरतोय. तीच जागा कर्नल दुसऱ्या कुणाला देतो, आणि घुसखोराला हवं असतं ते नेमकं हेच. (एक्स८६वर हे काम एकाच सूचनेत बसतं खरं, पण तिला 'लॉक' हा उपसर्ग नसेल तर आत त्याच तीन पायऱ्या.)

लिनक्समध्ये यासाठी 'ॲटॉमिक_टी' आहे. आत पूर्णांकच, पण मुद्दाम स्ट्रक्चरमध्ये गुंडाळलेला. त्यामुळे सवयीने ++ लिहिलंत तर कंपायलरच अडवतो. 'ॲटॉमिक_इन्क' तिन्ही पायऱ्या अखंड करतो. आजूबाजूच्या इतर व्हेरिएबलच्या क्रमाची हमी मात्र तो देत नाही. आधी डेटा भरून मग 'तयार' अशी खूण लावायची असेल, तर लिहिताना 'एसएमपी_स्टोअर_रिलीज' आणि वाचताना 'एसएमपी_लोड_अक्वायर' वापरा. एआरएमवर हे विसरलात तर खूण आधी दिसेल आणि डेटा नंतर.

मोजणी ॲटॉमिक असली तरी फसू शकते. २०१६च्या जानेवारीत उघड झालेल्या कीरिंगमधल्या दोषात ती ॲटॉमिकच होती. एका वाटेवर कमी करायचं राहून जात होतं, म्हणून ३२ बिटांचा आकडा वाढवत वाढवत पुन्हा शून्यावर आणता येत असे. २०१७मध्ये ४.११ आवृत्तीत 'रीफकाउंट_टी' आला. तो टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो. थोडी मेमरी कायमची वाया जाते, पण वापरातली मेमरी मोकळी होत नाही. हा सौदा मला पटतो.

मग व्होलाटाइल कर्नलमध्ये नाहीच का? आहे, पण बहुधा व्हेरिएबलवर नाही, एकेका वाचनावर: 'रीड_वन्स'च्या पोटात तोच असतो. उघडपणे भेटेल तो 'जिफीज'च्या घोषणेत, आणि टोरवाल्ड्स स्वतः त्याला जुन्या काळचा मूर्ख वारसा म्हणतात.