दापोडीची बाग आणि आपली चिंच



माझा मामा पुण्याजवळ दापोडीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते. तिथे रेल्वे स्टेशन, एस.टी.चा कारखाना आणि घरंच घरं आहेत. मामा म्हणाला, "इथं पूर्वी गव्हर्नरची बाग होती." मला खरंच वाटेना. शाळेत आल्यावर मी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलेली माहिती लिहिते.

इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्याचा कारभार गव्हर्नर पाहत असत. १८२७ ते १८३० पर्यंत सर जॉन माल्कम हे गव्हर्नर होते. दापोडीला गव्हर्नरचा बंगला होता. पावसाळ्यात ते तिथे राहायला येत. १८२८ साली तिथेच सरकारी बाग सुरू झाली. ती नुसती शोभेची बाग नव्हती. परदेशातली झाडं आपल्या हवेत जगतात का, हे तिथे लावून बघत. औषधी झाडंही लावत.

१८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन बागेचे प्रमुख होते. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका चित्रकाराकडून झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली.

१८६५ मध्ये बाग बंद झाली. गव्हर्नरसाठी गणेशखिंडीत नवा मोठा बंगला बांधला. तिथे आता पुणे विद्यापीठ आहे. दापोडीची बाग गेली, पण सुमारे १७० चित्रं राहिली. ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातल्या वनस्पती बागेत जपून ठेवली आहेत. चित्रकार आपल्याकडचाच होता. पण त्याचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आपल्या शाळेपुढची चिंच रस्ता रुंद करताना तोडणार आहेत. बुंध्यावर नंबरसुद्धा घातलाय. तिच्या सावलीत बसून आपण रोज खिचडी खातो. म्हणून येत्या शनिवारी आपण सगळे तिचं चित्र काढू. पान, फूल, चिंचा, बुंधा, सगळं नीट बघून काढायचं. चित्राखाली आपलं नाव आणि तारीख नक्की लिहायची. गुरुजी कागद देणार आहेत.

आणि पालकांनो, तुम्हीपण याच शाळेत शिकलात. ही चिंच कुणी लावली, हे माहीत असेल तर सांगा. तेही नाव आम्ही लिहून ठेवू.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी