पिल्लाला आकडी का येते?

पावसाळा सरला की पेडगावात जागोजागी कुत्र्या वितात. कडब्याच्या गंजीआड, पडक्या भिंतीमागे पाच-सहा पिल्ले दिसू लागतात आणि शाळा सुटली की पोरे तिथे गोळा होतात. अशातच एखादे पिल्लू एकाएकी आडवे पडते, पाय झाडते, तोंडाला फेस येतो, जागेवरच लघवी होते. मग कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून मोकळा होतो. झटका बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र चपलेला मिळते.

माणसाच्या फेफऱ्यासारखा, कारण न सापडणारा आजार कुत्र्यांतही असतो. पण तो बहुधा सहा महिन्यांच्या पुढे सुरू होतो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला आकडी आली तर ‘मिरगी आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. कारण शोधावे लागते.

सर्वांत साधे कारण म्हणजे उपासमार. एवढ्या लहान जिवाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. आई मेली, दूध आटले किंवा हगवण लागली की काही तासांतच रक्तातली साखर उतरते. पिल्लू गार पडते, झिंगते, मग झटके येतात. त्यात जंत असले तर आणखी वाईट. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच आणि दुधातूनही मिळतात; म्हणून पोट नगाऱ्यासारखे आणि बरगड्या उघड्या दिसतात. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात. हेच जंत मातीतून लेकरांच्या पोटातही जाऊ शकतात, तेव्हा पिल्लांशी खेळून आल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

दुसरे कारण विषाचे. आपला भाग कापसाचा. फवारणीचे रिकामे डबे, थिमेटचे दाणे, उंदरासाठी पिठात कालवलेले औषध हे सगळे पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर पडलेले असते. काहीजण बैलाच्या गोचिडाचे औषध अंदाजाने पिल्लाच्या अंगाला चोळतात. लाळ गळणे, थरथर, उलटी आणि मग आकडी अशी लक्षणे दिसली तर डब्याचे लेबल घेऊनच डॉक्टरकडे जावे. जन्मतः डोक्यात पाणी साठणे किंवा यकृतातील दोष ही कारणेही आहेत, पण ती तपासणीशिवाय कळत नाहीत.

डिस्टेंपरमध्ये आधी ताप, डोळ्या-नाकातून घाण, खोकला, हगवण आणि मग जबडा चघळल्यासारखा हलत झटके येतात. तो माणसाला होत नाही. पण रेबीजही अशाच झटक्यांनी दिसू शकतो, आणि नुसते पाहून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. ‘इतक्या लहान पिल्लाला कुठला रेबीज’ असे आम्ही अनेकदा ऐकतो. पिसाळलेले कुत्रे चावले असेल तर दोन महिन्यांच्या पिल्लालाही तो होतो, आणि लक्षणे दिसल्यावर त्यावर इलाज नाही, पिल्लालाही नाही आणि माणसालाही नाही.

म्हणून आकडीत पिल्लाच्या तोंडात बोट, चमचा, पाणी काहीच घालू नये. जीभ गिळली जात नाही. आजूबाजूचे दगड-लाकूड बाजूला करावे, पोरांना लांब पाठवावे, घड्याळ पाहावे आणि मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. पाच मिनिटांवर झटका चालला किंवा लागोपाठ आले तर धोका मोठा. झटका थांबून पिल्लू नीट गिळू लागले की कापडात गुंडाळून ऊब द्यावी आणि सुई काढलेल्या सिरिंजने ओठाच्या कडेला साखरपाण्याचे थेंब सोडावेत. पिल्लू अंगावर येत असेल, स्वभाव बदललेला असेल किंवा त्याला कुत्रे चावल्याचे ठाऊक असेल, तर हेही करू नये.

ज्याला दात लागला, ओरखडा गेला किंवा ज्याच्या जखमेवर लाळ लागली, त्याने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस पहिल्या दिवशी, मग 3 ऱ्या, 7 व्या आणि 28 व्या दिवशी घ्यायची असते. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही लागते. पिल्लू जगते की मरते याची वाट पाहत लस लांबवू नये. लेकरे मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात, तेव्हा त्यांना न रागावता विचारावे.

पिल्लासाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच तालुक्यात आहे. जाताना वय, शेवटचे खाणे, जंताचे औषध दिले का, घरात कोणते विष ठेवले होते आणि पिल्लाला कुणीकुणी हात लावला, हे सांगावे. मागे राहिलेल्या भावंडांनाही जंताचे औषध द्यावे, सहा-आठ आठवड्यांना डिस्टेंपरची आणि तीन महिन्यांना रेबीजची लस टोचून घ्यावी.